जनरल मॅनेजर, सेमाडोह विभाग

सेमाडोहात सिपना आहे, अस्वलं आहेत, परतवाड्याहून धारणीकडे जाणारी यष्टी आहे. रूळ तेवढे नाहीत. म्हणून आमच्या शेजारच्या गुरुजींनी ते घरातच आणले. पोराच्या वाढदिवसासाठी. पोरगा सात वर्षांचा, गुरुजी चाळिशीचे. वाढदिवस कोणाचा, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

या जातीच्या बापाला खूळ लागतं ते बहुधा पुण्यात. कोथरूडला भाऊ जोशींनी १९९८ मध्ये खुलं केलेलं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय आहे. तिथे पोट्टं भूक भूक करत होतं आणि गुरुजींना काचेपासून ओढून न्यावं लागलं. मग खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याच्या मापाचा संच आला: एक इंजिन, तीन डबे, गोल पटरी, बारा व्होल्टचा कंट्रोलर. पोट्ट्याचं एवढ्यात भागलं असतं. बापाचं कसं भागावं? त्याला धुळघाट पाहिजे! अकोला-खंडवा मीटरगेज गाडी याच मेळघाटात चाराचा आकडा काढत, आपल्याच रुळावरून पुलानं पलीकडे जायची. तो आकडा आता दिवाणावर मांडायचा. खालून गाडी जायला साडेसात सेंटिमीटर उंची लागते. शंभराला तीनचा चढ धरला तर अडीच मीटर पटरी नुसती चढण्यात जाते. पुलाखाली जुन्या पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे लागले. घरच्या बाई माजघरात झोपू लागल्या.

चहाला गेलेल्याची सुटका नाही. “शकुंतलेची पटरी ७६२ मिलिमीटर. भागिले ८७. किती आले?” आपण बशीत पाहतो. “पावणेनऊ! म्हणजे नऊ मिलिमीटरची तयार पटरी चालते!” शकुंतला म्हणजे मूर्तिजापूर-अचलपूर गाडी. ती खरोखर धावत होती तेव्हा गुरुजी तिच्यात फारसे बसले नसावेत, यष्टी लवकर पोचायची.

“बाबा, मले दे ना चालवू.”

“थांब रे, टेस्टिंग होऊ दे.”

पोट्ट्याला काम नाही असं मात्र नाही. करंट रुळातूनच चाकांत जातो. धूळ बसली की इंजिन हिचकतं. मग गँगमन म्हणून त्याची नेमणूक झाली. बापाच्या फाटक्या बनियनला स्पिरिट लावून तो इमानदारीत रूळ पुसतो. चांगल्या कामाबद्दल पुढे फाटकावर बढती मिळाली. हिरवा झेंडा दाखवायचा, बाकी गुमान बसायचं.

परवा त्यानं आपली लाल यष्टी आणून नेमकी फाटकात उभी केली. गाडी कचकन थांबली.

“काहून रे?”

“यष्टीतले लोकं उतरू दे. तुमच्या गाडीत कोणीच नाही बसलं.”

गुरुजींनी खाली वाकून डबे पाहिले. खरंच रिकामे होते. मग त्यांनी यष्टी उचलली, पट्टी काढली, लांबी मोजली, मनाशी भागाकार केला.

“ही ८७ च्या मापाची नाही,” ते म्हणाले. “हिचे लोकं आपल्या डब्यात मावत नाहीत.”