बापमाणूस: दुसरा डाव

पुरुषत्व धोक्यात आहे, ही बातमी मोबाइलवर दर आठवड्याला येऊन धडकते. बातमी देणारा जिममध्ये आरशासमोर उभा असतो, मागे सिंहाची डरकाळी वाजत असते, आणि म्हणणं एवढंच असतं की सिनेमा, वेब सीरिज आणि व्हिडिओ गेम या तिघांनी मिळून मर्दाचं मेण करून टाकलं. सिनेमाचं सिनेमावाले बघतील. गेममधला जुन्या वळणाचा पुरुष मात्र ठणठणीत आहे. दंड भरलेले, आवाज घशाच्या तळातला, बोलणं मोजकं, हातात काहीतरी धारदार. उलट गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्याला आधीपेक्षा चांगली कामं मिळू लागलीत. फक्त हल्ली त्याच्या मागे एखादं पोर चालत असतं.

क्रेटॉस घ्या. २००५ साली ‘गॉड ऑफ वॉर’मध्ये हा गृहस्थ आला तेव्हा ग्रीक युद्धदेवाच्या कपटामुळे त्याच्या हातून स्वतःचीच बायको आणि मुलगी मारली गेली होती. दोघींची राख कातडीला कायमची चिकटलेली, म्हणून अंगाचा रंग पांढराफटक. या दुःखावर त्यानं शोधलेला उपाय म्हणजे समोर येईल त्याचं मुंडकं उपटणं. २०१०च्या तिसऱ्या भागापर्यंत ऑलिम्पस जवळजवळ ओसाड पडलं. सख्खा बाप झ्यूस, तोही सुटला नाही. खेळणारे खूश, कंपनी खूश.

मग २०१८. तोच क्रेटॉस, पण उत्तरेकडच्या बर्फात, दाढी वाढलेली, कुऱ्हाड हातात. दुसरी बायको नुकतीच वारलेली, आणि पदरात अट्रेयस नावाचा मुलगा. बायकोची शेवटची इच्छा अशी की माझी राख सगळ्या नऊ जगांतल्या सर्वांत उंच शिखरावरून सोडा. म्हणजे पुरस्कारांवर पुरस्कार मिळवणारा हा अख्खा खेळ मुळात अस्थिविसर्जनाचा प्रवास आहे. आपल्याकडे नाशिकला जाऊन दुपारच्या जेवणाला घरी येता येतं. यांना वाटेत ड्रॅगन लागतात, एवढाच फरक.

सुरुवातीलाच बाप मुलाला हरणाच्या शिकारीला नेतो. पोरगं घाईत बाण सोडतं, नेम चुकतो, बाप खेकसतो. नंतर हरीण सापडतं, पण मुलाचा हात सुरीपाशी अडतो. तेव्हा बाप स्वतःचा हात त्याच्या हातावर ठेवतो आणि काम पुरं करतो. त्यानंतर पोराच्या पाठीवर थोपटायला म्हणून तो हात उचलतो, हात मध्येच थांबतो आणि मागे येतो. दोन सेकंदांचा मामला. देवांची हाडं मोडणाऱ्या माणसाला स्वतःच्या पोराच्या पाठीवर हात ठेवता येत नाही! मराठी घरांतून असे हात पिढ्यान्‌पिढ्या मध्येच थांबलेले आहेत, त्यामुळे हे दृश्य आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज पडू नये.

पण रील बनवणाऱ्यांनी पाहावा असा भाग पुढे आहे. आपण देव आहोत हे मधेच अट्रेयसला कळतं. पोरगं लगेच चढतं. मदत करणाऱ्यांना तोडून बोलतं, बापाचं ऐकेनासं होतं, आणि हरलेल्या, जखमी शत्रूला सुरी खुपसून मोकळं होतं. आपण देव, आपल्याला काय कुणी विचारणार? आता जिममधल्या भाषेत हा मुलगा ‘अल्फा’ झाला म्हणायचा. पेढे वाटायला हवेत. बाप हादरतो. कारण हा मुलगा म्हणजे २००५चा क्रेटॉस हे त्याला बरोबर ओळखू येतं. त्याला ताकद नको आहे असं अजिबात नाही. नेम धर, शिस्त पाळ, दिलेला शब्द पुरा कर, विनाकारण मारू नकोस, मारलंस तर त्याचं ओझं वाहा, अशी त्याची शिकवण आहे. यातलं काय नवीन आहे? हे कुठल्याही तालमीच्या वस्तादानं सांगितलं असतं. पुरुषाचा दंड दिसला की लगेच विषाची चाचणी करायला धावणाऱ्या मंडळींनीही हे बघायला हरकत नाही. क्रेटॉस मवाळ झालेला नाही. कुऱ्हाड तशीच चालते. ती कधी खाली ठेवायची, हे त्याला उशिरा का होईना कळू लागलंय.

हा बदल आला कुठून, तर बनवणाऱ्यांच्या घरातून. दिग्दर्शक कोरी बारलॉग स्वतः बाप झाला आणि ते गेममध्ये उतरलं. गेमची परीक्षणं आली तेव्हा पडद्यावरचे गुण बघताना त्याला रडू कोसळलं, आणि तो व्हिडिओ त्यानं स्वतःच जगासमोर ठेवला. एवढा दणकट खेळ बनवणारा माणूस हुंदके देतोय म्हणून काहींनी नाकं मुरडलीच. २००५मध्ये रागावलेल्या तरुणांसाठी गेम बनवणारे तरुण पुढे चाळिशीला आले, त्यांना पोरं झाली, रात्री जागरणं झाली. मग त्यांच्या नायकांनाही झाली.

आणि ज्याला काही झालं नाही, त्या ड्यूक न्यूकेमचं काय? सिगार, गॉगल, बायकांवरचे विनोद. १९९६ला तो खपला. पुढचा भाग १९९७मध्ये जाहीर झाला आणि आला २०११मध्ये. चौदा वर्षांनंतर साहेब तेच विनोद घेऊन आले. समीक्षकांनी झोडपलं, खेळणाऱ्यांनी जांभया दिल्या. त्याला कुठल्या चळवळीनं मारलं नाही. तो मागे राहिला, गिऱ्हाईक पुढे गेलं.

याच्या अगदी उलट आर्थर मॉर्गन. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’, २०१८, सात कोटींहून जास्त प्रती खपलेला. काळ १८९९, अमेरिकेतला पश्चिमेचा भाग, दरोडेखोरांची टोळी. आर्थर टोळीतला वसुलीदार. चेहऱ्याला सुतारकामाचा रंधा लागलाच नाही असा माणूस. खिशात वही; रात्री ती काढून पक्ष्यांची, झाडांची चित्रं काढतो आणि दिवसाची नोंद लिहितो. छावणीत धान्याची पोती वाहा, लाकडं फोड, पाण्याच्या बादल्या आण, अशी कामं त्याला, म्हणजे आपल्याला, करता येतात, आणि केली की इज्जत वाढते. रस्त्यात भेटेल त्याला राम राम करायचा की डिवचायचं, यालाही बटणं आहेत. दिवाणखान्यात पाहुणे आले तरी मान वर न करणारी आमची पोरं या गेममध्ये अनोळखी घोडेस्वाराला अदबीनं नमस्कार करताना मी पाहिली आहेत. रॉकस्टार कंपनीचे आभार मानावेत की कसं, ठरत नाही.

कर्जाच्या वसुलीसाठी आर्थर एका आजारी शेतकऱ्याला बडवतो. तो त्याच्या तोंडावर खोकतो. क्षय. पुढे सगळा खेळ हा माणूस हळूहळू मरतो आणि मरता मरता हिशेब चुकते करत जातो. ज्याला बडवलं त्याच्या विधवेला पैसे देतो, तेही ती क्षमा करील या आशेनं नव्हे. एका स्टेशनावर ओळखीच्या जोगिणीला सांगतो की मला भीती वाटतेय. पहाडासारखा माणूस, भीती वाटते म्हणतो, आणि त्याची उंची इंचभरही कमी होत नाही. या भूमिकेसाठी रॉजर क्लार्कला त्या वर्षीचा अभिनयाचा मोठा पुरस्कार मिळाला. ‘सर्वोत्कृष्ट गेम’चा मान मात्र क्रेटॉसनं नेला.

जपानी मंडळी तर आणखी पुढे गेलीत. सेगाच्या ‘याकुझा’ मालिकेतला काझुमा किरयू. पाठीवर ड्रॅगनचं गोंदण, एका ठोशात तिघे आडवे, मित्राचा गुन्हा अंगावर घेऊन दहा वर्षं तुरुंग भोगलेला. तिसऱ्या भागात हा तोक्योचा धंदा सोडून ओकिनावाला अनाथाश्रम चालवायला जातो. मग कित्येक तास आपण काय करतो, तर पोरांची भांडणं सोडवतो. पैसे कुणी घेतले, शाळेत कोण चिडवतं, हे कुत्रं ठेवायचं की नाही. मारामारी कधी सुरू होणार म्हणून खेळणारे कुरकुरले. सुट्टीत पोरं सांभाळायची वेळ आली की बापमंडळी बरोबर अशीच कुरकुरतात.

आता एक शंका. या सगळ्या थोर बापांच्या बायका कुठे आहेत? क्रेटॉसची वारली, तीही दुसरी. आर्थरला एका बाईपासून झालेला मुलगा होता. दरोडेखोरांनी माय-लेक दोघांना मारलं. किरयूची जिवलग पहिल्याच भागात गेली. ‘लास्ट ऑफ अस’मधल्या जोएलची बायको केव्हाच दूर झालेली. म्हणजे पुरुषातला बाप जागा व्हायचा असेल तर आधी घरातली बाई हलवावी लागते! तोवर त्याला पोराच्या पोटात कधी दुखतं, हे विचारायची गरजच पडत नाही. आणि पडली की लगेच कौतुक. ‘गॉड ऑफ वॉर’मध्ये सगळी कामगिरी पुरी केली की मिळणाऱ्या सर्वोच्च ट्रॉफीचं नावच आहे ‘पिता-पुत्र’. बरं, शेवटी कळतं काय? हा सगळा प्रवास त्या मेलेल्या बाईनं आधीच जाणला होता आणि जुळवूनही आणला होता. कुठली झाडं तोडायची, त्यांवर तिच्याच पंजाच्या खुणा होत्या. नवऱ्यानं पिशवी उचलली आणि चालला. हे मात्र पूर्णपणे वास्तववादी आहे.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२०मध्ये ‘राजी’ आणताना ही भानगडच ठेवली नाही. भाऊ पळवला जातो, बहीण त्रिशूळ घेऊन निघते. दंडांचा प्रश्नच मिटला.

जिवंत बायकोचा नवरा शोधायचा तर पुन्हा ‘रेड डेड’कडेच यावं लागतं, तेही आर्थर मेल्यानंतरच्या उपसंहारात. १९०७. आर्थरनं जीव देऊन वाचवलेला जॉन मार्स्टन दुसऱ्याच्या गोठ्यात शेण उपसतो, गाईची धार काढतो. तरी बंदूक सुटत नाही, म्हणून ॲबिगेल पोराला घेऊन निघून जाते. मग हा बँकेकडून कर्ज काढतो, माळरान विकत घेतो, स्वतःच्या हातानं फळ्या ठोकून घर उभं करतो. खेळणाऱ्यांना इथे खिळ्यामागून खिळा ठोकावा लागतो. कंटाळा आला म्हणणारे होते, पण ते घर मालिकेतल्या कुठल्याही दरोड्यापेक्षा कष्टाचं आहे. ॲबिगेल परत येते. जॉन अंगठी देतो. आणि लगेच बातमी येते की टोळीचा जुना गद्दार मायका सापडलाय. ती म्हणते, जाऊ नका. तो जातो, सूड घेतो. सरकारी माणसं त्या प्रेताच्या मागावरून थेट या नव्या घरापर्यंत पोहोचतात. १९११च्या कथेत त्याच घराच्या अंगणात ते जॉनला गोळ्या घालतात. तो भाग कंपनीनं २०१०मध्येच काढला होता, त्यामुळे फळ्या ठोकताना शेवट सगळ्यांना ठाऊक असतो. तरी ॲबिगेलचं ऐकायचं, असं बटण गेममध्ये ठेवलेलं नाही.