एकेक गुंड

वायफायची तक्रार नोंदवायला फोन केला की पलीकडची मुलगी आधी विचारते, "जळगाव म्हणजे केळीवालं ना?" केळीवालं नाही बाई, जामोदवालं. जिल्हा बुलढाणा, सातपुड्याचा पायथा, गाडी धरायची तर नांदुरा गाठावं लागतं. एवढा भूगोल ऐकून घेतल्यावर ती गोड आवाजात सुचवते, "सर, मोठा प्लॅन घ्या ना." आमच्याकडे ५० चा १०० झाला, १०० चा २०० झाला. घरातला गजर मात्र तोच: "चालून नाही राहिलं बाप्पा!"

घर जुनं, धाब्याचं. मातीच्या भिंती हातभर जाड. ज्या भिंतींनी आजवर विदर्भाचं ऊन आत येऊ दिलं नाही, त्या वायफायला कशाला दाद देतात? त्यात बसवायला आलेल्या पोराने राउटर ठेवला गव्हाच्या कोठीमागे. "इथं लेकरायचा हात नाही पुरत, काका." कोठी पत्र्याची. तिच्या पलीकडे खिडकीत कूलर, तोही पत्र्याचा. पोटात टाकीभर पाणी, अंगाला ओल्या ताट्या. पत्रा रेडिओलहरींना परत पाठवतो आणि पाणी त्या पिऊन टाकतं. त्यामुळे मे महिन्यात मागच्या खोलीत गारवा पोचतो, नेट पोचत नाही.

मागच्या खोलीत मोठे बाबा असतात. मोबाइल जुना, कीर्तन अखंड. घरात नेटवरून आरडाओरड झाली की ते आतूनच म्हणतात, "मी तं कीर्तन ऐकून राहिलो बाबू, तुमचं काय खाऊन राहिलो?"

खाऊन राहिले होते ते वेळ. वायफायचा कायदा असा की एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं. प्रत्येक यंत्र आधी कान देतं, शांतता दिसली तर मनाशी काही क्षण मोजतं, मग तोंड उघडतं. दोघं एकदम बोलले तर दोघांचंही वाया, पुन्हा मोजा. (आमच्या घरातल्या माणसांना हा कायदा लागू नाही.) आता नळावर असं ठरलं समजा, की ज्याने त्याने एकेक गुंड भरायचा आणि बाजूला व्हायचं. न्याय झाला. पण एकाच्या गुंडाचं तोंड करंगळीएवढं असेल तर? गुंड त्याचाही एकच, आणि रांग मात्र नांदुऱ्यापर्यंत.

सिग्नल क्षीण झाला की मोबाइल वेग उतरवत उतरवत १ एमबीपीएसपर्यंतही येतो. १५०० बाइटचं एक पाकीट त्या वेगाने न्यायला १२ मिलिसेकंद लागतात. १५० एमबीपीएसला ०.०८. म्हणजे कीर्तनाचं एक पाकीट जाईपर्यंत माझी दीडशे गेली असती! फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या संशोधकांनी २००३ मध्येच हे दाखवून दिलं होतं, की एक सावकाश यंत्र सगळ्यांना आपल्या पंक्तीला आणून बसवतं. पुढे स्वीडनच्या कार्लस्टाड विद्यापीठातल्या टोके होयलँड-योर्गेन्सन आणि त्याच्या सोबत्यांनी २०१७ मध्ये तोड मांडली: गुंड मोजू नका, नळाखालचा वेळ मोजा. प्रत्येकाला सारखा वेळ. त्यात ज्याचं जितकं भरेल तितकं. ही युक्ती लिनक्समध्ये शिरली आणि तिथून काही राउटरांत. सगळ्यांत नाही.

पुतण्याने पुण्याहून वायफाय ६ चा राउटर आणला. त्याच्या अँटेना बघून मोठ्या आईने विचारलं, "याले एवढे शिंगं कायले?" हा गडी २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलचे ९ बारके तुकडे करून एकाच दमात नऊ जणांना वाटू शकतो. पण मोबाइललाही ती विद्या यावी लागते. आमच्या घरात ती फक्त पुतण्याच्या मोबाइलला येते, आणि तो राहतो पुण्यात.

गल्लीची तऱ्हा आणखी वेगळी. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांना धक्का न लावणारे चॅनेल तीनच धरतात: १, ६ आणि ११. एखादा शहाणा गर्दी टाळायला ४ वर जाऊन बसतो. मग १ वाल्यांनाही खरखर, ६ वाल्यांनाही. आणि त्याला स्वतःला दोन्हीकडून.

तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय तृतीयेला घटमांडणी होते. घटाभोवती अठरा धान्यं मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाहून पाऊस, पीक, राजा, सगळ्याचं भाकीत सांगतात. तिथली बातमी आली की मोठी आई न चुकता विचारते, "नेटचं काही सांगतलं काय?"

नेटचं शेवटी वायरमनच्या पोराने सांगितलं. राउटर कोठीमागून काढून मधल्या दाराच्या चौकटीवर चढवला. तिथून मागच्या खोलीपर्यंत एक केबल ओढली आणि तिच्या टोकाला, वेगळ्या चॅनेलवर, अडगळीतला जुना राउटर बसवला. आता मोठ्या बाबांची हवा वेगळी, आमची वेगळी. कीर्तन न अडखळता चालतं. म्हणून आवाजही वाढलाय, पण त्याला वायफाय काय करणार? मी गुपचूप २०० चा प्लॅन परत ५० वर आणला. घरात अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

तेव्हा पुढच्या वेळी "मोठा प्लॅन घ्या" असं कोणी सुचवलं, तर आधी घरात सगळ्यांत लांब कोण बसतं ते बघा आणि त्याच्यापर्यंत वायर ओढा. केबल मीटरवर मिळते.