मानधनातला मान

मराठी ही मोठी काटकसरी भाषा आहे. ‘पगार’ म्हटलं की पैसे मोजावे लागतात. ‘मानधन’ म्हटलं की निम्मं मानावर भागतं. गावात घरोघरी आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंसाठी तर ‘मोबदला’ हा आणखी स्वस्त शब्द सापडला आणि हुद्दा मिळाला स्वयंसेविकेचा. स्वतःहून सेवा करणारीला पगार विचारणं म्हणजे तिचा अपमानच की!

मानात मात्र आपण कमी पडलो नाही. २२ मार्च २०२० ला, कोविडशी लढणाऱ्यांच्या मानार्थ, आमच्या वहिनींनी थाळी अशी बडवली की तिला कायमचा पोचा आला. ३ मे रोजी हेलिकॉप्टरांनी मुंबईतल्या रुग्णालयांवर फुलं उधळली. खाली पडलेल्या पाकळ्या बहुधा कंत्राटी सफाई कामगाराने झाडल्या असतील. (त्यालाही मान मिळाला, केरसुणीपुरता.)

आता धन. कोविडच्या कामाचे केंद्राकडून महिन्याला जादा १००० रुपये मिळायचे, म्हणजे दिवसाला तेहतीस. कोविडने मेल्यास मात्र ५० लाखांचा विमा होता. हजाराने ५० लाख जमवायला ४१६ वर्षं आठ महिने लागतात. शिवजन्माच्याही आधी सर्वेक्षणाला निघालेली आशा आत्ता कुठे दारात परतली असती. मरणं एवढं किफायतशीर असूनही बाया जगत राहिल्या, याला काय म्हणावं?

मनाच्या आरोग्याचीही आबाळ झाली नाही. ताण कसा घालवावा याच्या सूचना व्हॉट्सॲपवर आल्या: आठ तास झोपा, छंद जोपासा, मन मोकळं करा. आमच्या ओळखीच्या एका ताईंनी त्या वाचल्या रात्री अकराला, परसात अंघोळ उरकून, पडवीतल्या चटईवर. घरात येऊ नको असं सासूबाई म्हणाल्या नव्हत्या. त्यांनी फक्त चटई बाहेर टाकली होती. मन मोकळं करायचं म्हणाल, तर ते दिवसभर गावाने केलं होतं: “आमच्यात कुणाला काही नाय, तूच रोग घेऊन हिंडतीस.” झोप लागेना तेव्हा ताईंनी ऑक्सिमीटर स्वतःच्या बोटाला लावला. ९८. सगळं ठीक. वहीत तसंच लिहिलं.

१५ जून २०२१ ला राज्यातल्या सुमारे ७० हजार आशा संपावर गेल्या, तेव्हा आमची मती गुंग झाली. नोकरीच नाही तर संप कसला? आणि नुसत्या स्वयंसेविका घरी बसल्या तर सरकारला वाटाघाटींना का बसावं लागावं? आठवडाभराने दरमहा १००० रुपये वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता असा तोडगा निघाला. मानात वाढ झाली नाही. तो आधीच भरपूर होता.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरच्या आशांचा गौरव केला. आम्ही ताईंना अभिनंदनाचा फोन लावला. त्या म्हणाल्या, “थांबा भाऊ, एका बाळंतपणाला निघालेय. आणि नंतर तुम्हीच फोन लावा, माझा रिचार्ज संपलाय.”