करंट आहे, पेट्रोल आहे

जुनी बुलेट बाळगणारा माणूस ओळखायला बुलेट दिसावी लागत नाही. उजव्या पायाची पोटरी डावीपेक्षा जाड, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी स्पार्क प्लग आणि अंगठ्याच्या नखात सणासुदीलाही न निघणारी काळी रेघ. लग्नाच्या पंगतीत कुणी त्याला "काय, कसं काय?" विचारलं तर तो सांगतो, "आता बरी आहे. सकाळी जरा खोकते." पत्नी शेजारच्याच पाटावर असते, पण चौकशी तिची नाही आणि उत्तरही तिच्याबद्दलचं नाही, हे तिच्यासकट सगळ्यांना ठाऊक असतं.

खारेपाटणात आमचे बुलेटवाले काका हे या जातीतले. या गावाला वंशावळींचं वावडं नाही. शिलाहार राजा रट्टराज याचा शके 930 चा, म्हणजे इसवी सन 1008 चा ताम्रपट इथलाच. त्यात सणफुल्लापासून रट्टराजापर्यंत घराणं ओळीनं मांडलेलं आहे. काका गाडीच्या मालकांची परंपरा तितक्याच ठामपणे सांगतात. आधी सैन्यात, मग लिलावातून कोल्हापूरचा गूळवाला, मग देवगडचा आंबेवाला आणि मग काका. सैन्याचा उल्लेख दोनदा येतो. 1955 साली मद्रासेत बुलेट जुळवायला सुरुवात झाली ती लष्कराच्या मागणीवरून, त्यामुळे आपली गाडी मुळात सरहद्दीसाठी जन्मली आणि खारेपाटणच्या बाजारात केवळ कर्तव्य म्हणून उभी आहे, असं त्यांचं मत आहे. असल्या ताम्रपटांच्या शेवटी दान मोडणाऱ्याला शाप असतो. काकांच्या वंशावळीच्या शेवटी तो 'सेल्फ बसवून घ्या' म्हणणाऱ्याला असतो.

हे म्हणणारा बहुतेक वेळा त्यांचा मुलगा. तो मुंबईला असतो आणि गणपतीला येतो. नव्या बुलेटमध्ये कार्बोरेटर उरलेला नाही. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं, तेव्हापासून पेट्रोल किती सोडायचं ते संगणक ठरवतो, हे तो बापाला दर चतुर्थीला समजावतो. काका शांतपणे ऐकतात आणि एकच प्रश्न विचारतात, "संगणक बंद पडला तर उघडून आत काय दिसतं?" मुलगा गप्प बसतो. काकांच्या लेखी ज्याच्या आत काही दिसत नाही, ते यंत्र नव्हे.

काकांचं गाडी चालू करणं हा सकाळचा विधी आहे. आधी पेट्रोलचा कॉक, मग गाडी थंड असेल तर चोक, मग चावी. मग अॅमीटरच्या काट्यावर नजर ठेवून किक हलक्या पायानं दाबत न्यायची. पॉइंट मिटलेले असले की काटा वजाकडे पडतो, उघडले की मध्यावर येतो. तिथे थांबायचं, डीकॉम्प्रेसरची छोटी दांडी ओढून पिस्टन वरच्या टोकाच्या जरासा पलीकडे न्यायचा, दांडी सोडायची, किक वर आणायची आणि मग अंगातलं सगळं वजन एका पायावर टाकायचं. यातली एखादी पायरी चुकली तर किक उलटी येते आणि पायाला जन्माची आठवण देते. बाजारातल्या पोरांना हे सगळं पाठ आहे. काटा मध्यावर आला की टपरीवरचे लोक कप खाली ठेवतात.

गाडी चालू झाली नाही, तरी काका 'बिघडली' म्हणत नाहीत. ते प्लग काढतात. वैद्यानं रोग्याची जीभ बघावी तसा तो उन्हाकडे धरून बघतात. कोरडा आणि काजळीनं काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढुरका म्हणजे हवा जास्त, पेट्रोलनं ओला म्हणजे आत पूर आलेला. मग प्लग वायरीला लावून इंजिनाच्या फिन्सवर टेकवायचा आणि किक मारायची. ठिणगी निळी आणि चटकन आवाज करणारी हवी; पिवळट, मिणमिणती असली तर पॉइंट घासा, कन्डेन्सर तपासा. सगळ्यात शेवटी कार्बोरेटर. जगात मात्र उलटं चालतं, असं काकांचं दुःख आहे. गाडी अडली की जो येतो तो आधी कार्बोरेटरच खोलायला सांगतो. कुणीतरी पायलट जेटात तार घालतो, केसाएवढं भोक मोठं होतं आणि नसलेला बिघाड कायमचा होतो.

पावसाळ्यात मात्र काका स्वतःहून कार्बोरेटरकडे वळतात. शुक नदीचं पाणी बाजारपेठेत शिरण्याआधी काकांची बुलेट वरच्या आळीत पोचलेली असते. घरातलं धान्य नंतर. पण हवेतली ओल कुठे जाणार? आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढतं आणि पाणी जास्त झालं की त्याला सोबत घेऊन तळाशी बसतं. काका फ्लोटची वाटी काचेच्या बाटलीत रिकामी करतात, तळाशी वेगळा झालेला थर बघतात आणि बाटलीवर तारीख घालून ती खिडकीत ठेवतात. काकींनी एकदा त्या बाटल्या भंगारवाल्याला दिल्या. त्या आठवड्यात घरात फक्त गाडी बोलत होती.

काकांचा मुख्य नियम एकच: एका वेळी एकच वस्तू हलवायची. दोन हलवल्या आणि गाडी चालू झाली, तर ती कशानं झाली हे कधीच कळत नाही. हा नियम मांडायला त्यांनी गाव मात्र चुकीचं निवडलं. इथे गाडी अडली की रिक्षावाला प्लगची वायर ओढतो, एसटीचा निवृत्त ड्रायव्हर एअर-स्क्रू फिरवतो, टपरीवाला टाकी हलवून बघतो, आणि कुणीतरी मागून धक्का मारतच असतो. गाडी चालू होते, आणि श्रेय पुढच्या शिमग्यापर्यंत वाटलं जात राहतं.

यातूनच नडगिवे घाटाचं प्रकरण झालं. तळेऱ्याकडे जाताना काकांची बुलेट घाटात आचके देऊन बंद पडू लागली. करंट आहे, टाकीत पेट्रोल आहे, प्लग कोरडा. थोडा वेळ थांबलं, लोकांनी चार सूचना केल्या की परत चालू. तीन वेळा तसंच झाल्यावर गावानं निदान केलं: त्या वळणावरचा राखणदार अडवतो, नारळ द्या. रिक्षावाल्यानं गाऱ्हाणं घातलं, "या काकांच्या गाडयेत जो काय कचरो अडाकलो असात, तो दूर कर रे म्हाराजा!" बाकीचे "व्हय म्हाराजा!" म्हणाले. नारळ फुटला. काकांनी किक मारली आणि गाडी पहिल्या किकला गरजली.

काका सोडून सगळ्यांचं समाधान झालं. गाऱ्हाणं चालू असताना टपरीवाल्यानं सवयीनं टाकीचं झाकण उघडून आत डोकावलं होतं, हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणजे दोन वस्तू हलल्या होत्या, नारळ आणि झाकण. पुढच्या खेपेला फक्त झाकण उघडून बघू, असं त्यांनी सुचवलं. "असा काय बोलतास काका? नारळाशिवाय?" रिक्षावाला घाबरून म्हणाला. झाकणाशिवाय नारळ चालेल, नारळाशिवाय झाकण नाही, असा निर्णय झाला.

काकांनी मग वही घातली. टाकी काठोकाठ भरलेली असली की गाडी घाटातच अडते. अर्धी असली की थेट तळेऱ्याच्या जवळ जाऊन अडते. राखणदार टाकीतल्या पातळीप्रमाणे जागा बदलतो, हे काकांना पटेना. त्यांनी झाकण उलटं केलं. हवा आत जाण्यासाठी त्यात एक बारीक भोक असतं, ते लाल धुळीनं आणि गंजानं बुजलं होतं. पेट्रोल खाली उतरतं, त्याच्या जागी हवा आत यायला वाट नाही, मग टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. टाकी भरलेली असली की वरची पोकळी लहान, म्हणून ओढ लवकर बसते. झाकण उघडलं की हवा आत जाते आणि गाडी चालू होते. म्हणजे टाकीत पेट्रोल आहे का हे बघणं, हाच उपचार होता. काकांनी टाचणीनं भोक मोकळं केलं, टाकी भरली आणि नारळ न देता तळेऱ्याला जाऊन आले.

गाव म्हणालं, "आधीचे नारळ पावले."

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. काकांनी मात्र झाकणाचं भोक कपडे धुण्याच्या साबणानं मुद्दाम बुजवलं. बिघाड हवा तेव्हा परत आणता आला नाही, तर तो कळला असं म्हणता येत नाही, हा त्यांचा दुसरा नियम. टाकी काठोकाठ भरून, भर पावसात, ते घाटाकडे निघाले. मागून साक्षीदार म्हणून रिक्षा.

वळणावर गाडीनं आचका दिला आणि ती बंद पडली. रिक्षावाला नारळ घेऊन धावत उतरला. "काय झाला काका?"

भिजलेले काका हसत होते. "काय्येक नाय रे," ते म्हणाले, "बरोब्बर बंद पडली!"