एका रात्रीचा मान पुरे झाला

३१ डिसेंबरला बारा वाजले की जगभर ‘ऑल्ड लँग साइन’ गातात. खडकवासल्याच्या एनडीएत दीक्षान्त संचलनाच्या अखेरीला कॅडेट निरोप घेतात तेही याच सुरावर. इतकं गाजलेलं गाणं, पण बहुतेकांच्या लेखी ते इंग्रजीच. मुळात ते स्कॉट्स भाषेतलं आहे, आणि शेवटच्या शब्दाचा उच्चार ‘झाइन’ असा करणाऱ्यांनी तो ‘साइन’ असा करावा.

साइन हा काळाचा शब्द. ‘त्यानंतर’ हा त्याचा मूळ अर्थ. ‘लँग साइन’ म्हणजे फार पूर्वी, तर ‘सून ऑर साइन’ म्हणजे आज ना उद्या. एकच शब्द मागचंही सांगतो आणि पुढचंही. इंग्रजीतला ‘सिन्स’ त्याचा सख्खा भाऊ. दोघांचं मूळ जुन्या इंग्रजीत. सिन्सला पुढे शेवटी एक ‘स’ चिकटला, साइनला चिकटला नाही, इतकंच.

स्कॉट्सला ‘बिघडलेली इंग्रजी’ म्हणणाऱ्यांनी हे नीट ऐकावं. मोठी बहीण श्रीमंत झाली म्हणून धाकटी तिची नक्कल ठरत नाही. पंधराव्या-सोळाव्या शतकात स्कॉटलंडचा दरबार आणि कायदा याच भाषेत बोलत होता. १६०३ मध्ये राजा लंडनला गेला, १७०७ मध्ये संसद गेली, आणि भाषेची पतही गेली. डेव्हिड ह्यूमसारख्या तत्त्वज्ञानं १७५२ मध्ये लिहिताना टाळायच्या स्कॉट्स प्रयोगांची यादी छापली. शाळांनी तर घरची भाषा बोलली म्हणून मुलांना मारलं. रॉबर्ट बर्न्सनं १७८८ मध्ये ‘ऑल्ड लँग साइन’ प्रकाशकाकडे धाडलं, ते अशा काळात. छापून आलं १७९६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर.

स्कॉटलंडच्या २०२२ च्या जनगणनेत सुमारे १५ लाख लोकांनी आपण स्कॉट्स बोलतो असं सांगितलं. २०२५ मध्ये तिथल्या संसदेनं कायदा करून तिला अधिकृत दर्जा दिला. उत्तम झालं, पण कायद्यानं भाषा जगत नाही. वर्गात मूल स्कॉट्समध्ये उत्तर देईल आणि बाई त्याला न सुधारता पुढचा प्रश्न स्कॉट्समध्येच विचारतील, तेव्हा तो कायदा लागू झाला असं मी मानेन.