तेविसाचा पाढा

परदेशातल्या इंटरनॅशनल शाळेत नोकरी मिळतेय म्हटल्यावर जो शिक्षक आधी करारनामा मागतो, घरभाडे किती विचारतो आणि शाळेचा तपासणी अहवाल शोधत बसतो, त्याची मला मनापासून कीव येते. असली माणसे आयुष्यात कुठेच पोहोचत नाहीत. फार तर निवृत्तीपर्यंत पोहोचतात. याउलट, व्हॉट्सअ‍ॅपवर ऑफर लेटरचा फोटो आल्याबरोबर स्टाफरूममध्ये पेढे वाटणारा शिक्षक हा समाजाचा खरा ठेवा. त्याच्या गुणांची नोंद कोणत्याही सेवापुस्तकात होत नाही, म्हणून ती इथे करून ठेवतो.

प्रथम शहाणे काय करतात ते पाहू. शहाणा शिक्षक महाराष्ट्रातच राहतो. बी.एड. करतो, टीईटी देतो, मग अभियोग्यता चाचणी देतो आणि पवित्र पोर्टलवर प्राधान्यक्रम भरून वाट पाहतो. निवड झालीच तर तीन वर्षे शिक्षण सेवक. प्राथमिकच्या सेवकाला २०२२ अखेरपर्यंत महिना ६,००० रुपये मानधन होते. २०२३ पासून ते १६,००० झाले, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,०००. विनाअनुदानित शाळेतल्याला एवढाही हिशेब ठेवावा लागत नाही. अनुदानाचा पुढचा टप्पा कधी मिळणार हे विचारायला आझाद मैदानावर जाऊन बसले की वर्ष सरते. उरलेल्या वेळात निवडणुकीची ड्यूटी, यू-डायसची माहिती, पोषण आहाराच्या नोंदी आणि जमल्यास एखादा तास. इतके भरीव जीवन सोडून कोण जाईल? जातो तो, ज्याला गुणाकार येतो.

संयुक्त अरब अमिरातीचा दिरहम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५. रुपयाला असले बंधन नाही, त्यामुळे २०२५ मध्ये एका दिरहमाचे तेवीस-चोवीस रुपये पडत होते. तिसापर्यंत पाढे पाठ असलेल्या मराठी माणसाला हा भाव म्हणजे पर्वणीच. समजा पगार चार हजार दिरहम. तेवीस चोक ब्याण्णव. ब्याण्णव हजार! मुख्याध्यापकांना हा आकडा ऐकू जाईल एवढ्या आवाजात पाढा म्हणावा.

गुरुजींची खरी थोरवी मात्र यानंतर दिसते. पगाराला गुणून झाले की ते पाढा साफ विसरतात. दुबईत घरभाडे वर्षाचे ठरते आणि त्याचे पुढच्या तारखांचे चेक आधीच लिहून द्यावे लागतात. जितके चेक कमी, तितका मालक खूश. वर्षाच्या भाड्याच्या पाच टक्के पालिकेचे शुल्क वीज-पाण्याच्या बिलातून जाते. २०१८ पासून पाच टक्के व्हॅट आहे. एसी बंद ठेवून काटकसर करण्याची सोय त्या हवेत नाही. प्राप्तिकर तेवढा नाही, ही गोष्ट गावातल्या प्रत्येकाला माहीत असते. बाकी सगळे आहे, ही गोष्ट कोणालाच माहीत नसते, आणि नसावीच. या रकमांनाही तेविसाने गुणत बसले तर झोप उडेल. झोपेसाठी तिकडे 'बेड स्पेस' मिळते. म्हणजे खोलीतला एक पलंग भाड्याने घ्यायचा आणि पडद्यापलीकडे घोरणाऱ्या अनोळखी माणसाला रूममेट म्हणायचे. चौसोपी वाड्यातून निघालेला माणूस एका पलंगावर सुखी होतो, तेव्हा त्याच्या वैराग्याला हात जोडावेसे वाटतात. बायको-मुलांना न्यायचे तर पगार किमान चार हजार दिरहम हवा, किंवा तीन हजार आणि राहायला घर. नियम असा नेमका असल्यामुळे बऱ्याच गुरुजींचे कुटुंब सांगलीतच सुखरूप राहते.

शाळा कोणत्या प्रकारची, हेही विचारू नये. जिनिव्हात १९२४ साली राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी एक शाळा निघाली. त्याच शहरात १९६८ मध्ये आय.बी. (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) ही संस्था स्थापन झाली, हेतू हा की देश बदलला तरी मुलाचे शिक्षण अडू नये. एवढा इतिहास वाचून कोणी आखातात उतरले तर त्याचा गोंधळ होतो. आपल्या गुरुजींना बहुधा सीबीएसईची शाळा मिळते. पुस्तके एनसीईआरटीची, मुले कोट्टायम, अहमदाबाद आणि कोल्हापूरची, पालकसभेत फीवरून होणारा गलकाही ओळखीचा. आंतरराष्ट्रीय काय ते, मध्ये लागलेला समुद्र. जवळच ब्रिटिश किंवा आय.बी. अभ्यासक्रमाची शाळा असते आणि तिथे अपूर्णांकांची तीच बेरीज शिकवण्याचा भाव वेगळा असतो. कारण विचारू नये. अपूर्णांक कोण शिकवतो यावर त्यांचे मूल्य ठरते, हे गणिताच्या शिक्षकालाच कळत नसेल तर काय बोलावे?

या बाबतीत दक्षिण कोरियाचे कौतुक केले पाहिजे, कारण तिथे आडपडदा नाही. इंग्रजी संभाषण शिकवण्यासाठीचा ई-२ व्हिसा साधारणपणे सात देशांच्या पासपोर्टांवर मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. पदवी कोणत्याही विषयातली चालते. म्हणजे मँचेस्टरचा प्राणिशास्त्राचा पदवीधर इंग्रजी शिकवू शकतो, आणि साताऱ्यात वीस वर्षे शेक्सपिअर शिकवलेल्या मॅडमना आधी जन्मस्थळ दुरुस्त करून घ्यावे लागेल. ही पद्धत अतिशय सोपी आहे. उच्चार तपासायला परीक्षक लागतो, पासपोर्ट तपासायला शिपाई पुरतो.

आता कागदपत्रे. हेगचा अपोस्टील करार भारतात २००५ पासून लागू आहे, त्यामुळे करारातल्या देशांना परराष्ट्र मंत्रालयाचा एक शिक्का पुरतो. अमिराती त्या करारात नाही. म्हणून पदवी प्रमाणपत्र आधी राज्य सरकारकडे, मग परराष्ट्र मंत्रालयाकडे, मग अमिरातीच्या वकिलातीत आणि शेवटी तिथल्या परराष्ट्र मंत्रालयात जाते. गुरुजींनी मुंबई पाहण्याआधी त्यांचे प्रमाणपत्र दिल्ली पाहून येते. पोलिसांचा दाखला वेगळा. कागदपत्रांच्या या फेऱ्यात मराठी स्त्रीला लग्नाने मिळालेली श्रीमंती उपयोगी पडते. पदवीवर वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव, पासपोर्टवर नवऱ्याचे नाव आणि सासरचे आडनाव, आधारवर यातले दोन्ही थोडे थोडे. या तिन्ही बाया एकच आहेत हे सिद्ध करण्यासाठी प्रतिज्ञापत्र, राजपत्र आणि लग्नाचा दाखला लागतो. ज्या मॅडम एवढे करून शेवटच्या शिक्क्यापर्यंत पोहोचतात, त्यांची वर्ग सांभाळण्याची परीक्षा वेगळी घेण्याची गरज नाही.

या सगळ्या प्रवासात एजंट हा देवमाणूस भेटतो. भारतात नोंदणी असलेल्या भरती एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते, असा नियम आहे. नोंदणी खरी की खोटी, हे ई-मायग्रेट पोर्टलवर दिसते. अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यानुसार भरतीचा खर्च मालकाने कामगाराकडून वसूल करायचा नाही आणि त्याची अधिकृत कागदपत्रेही अडकवून ठेवायची नाहीत. हे सगळे माहीत असले की मनात संशय येतो आणि संशयाने माणूस कोता होतो. म्हणून गुरुजी दोन लाख देतात, पावती मागत नाहीत, आणि "सर, आत्ता व्हिजिट व्हिसावर या, पुढचं तिकडे बघू" हे वाक्य ऐकून त्यांना भरून येते. इतक्या आपलेपणाने शिक्षणाधिकारी कधी बोलले होते?

करार वाचणे हा तर अरसिकपणाच. वाचणाऱ्याला कळते की परिविक्षेचा काळ सहा महिन्यांपर्यंत असू शकतो आणि त्या काळात चौदा दिवसांची लेखी नोटीस देऊन घरी पाठवता येते. त्याला हेही कळते की ग्रॅच्युइटी पहिली पाच वर्षे दरवर्षी एकवीस दिवसांच्या, आणि पुढे तीस दिवसांच्या पगाराइतकी असते. पण हा पगार म्हणजे मूळ पगार, भत्ते सोडून. म्हणूनच काही करारांत मूळ पगार चिमूटभर आणि भत्ते ओंजळभर असतात. वर्ष भरायच्या आत परतणाऱ्याला ग्रॅच्युइटी नाही. इथे दाखवलेले ऑफर लेटर आणि तिकडे समोर ठेवलेला करार यांत फरक निघाला, तर तो न वाचणाऱ्याला कधीच दिसत नाही. विमानतळावरून थेट शाळेत नेलेल्या, रात्रभर न झोपलेल्या माणसाने ज्या सुंदर अक्षरात सही केलेली असते, ते अक्षर पाहून डोळे निवतात. फळ्यावरचा इतक्या वर्षांचा सराव वाया जात नाही.

न वाचण्याचे सामाजिक फायदेही मोठे आहेत. वाचून, विचारून, हिशेब करून जाणाऱ्याला निघायला सहा महिने लागतात आणि तोवर नातेवाइकांचा उत्साह ओसरतो. न वाचणारा मात्र त्याच आठवड्यात दुबईवाला होतो. काका फोन करून सोन्याचा भाव विचारतात. सासरकडच्यांचा सूर बदलतो. पहिला पगार हाती पडायच्या आधी पुण्यात वाकडला किंवा रावेतला दोन बेडरूमचा फ्लॅट बुक होतो आणि ऑफर लेटरची झेरॉक्स बिल्डरच्या फायलीत जाते. पुढची वीस वर्षे गुरुजींना परत यावेसे वाटले तरी येता येत नाही. जीवनाला दिशा लागते म्हणतात, ती ही.

आय.बी.ने विद्यार्थ्याच्या अंगी असावेत असे दहा गुण सांगितले आहेत. पहिला गुण चौकसपणा, आठवा जोखीम घेण्याची तयारी. विद्यार्थ्याला दहाही लागतात. शिक्षकाची भरती करताना मात्र आठवा भरपूर असला आणि पहिला अजिबात नसला की काम सोपे होते. दुबईत शाळांची तपासणी करणारी सरकारी यंत्रणा आहे आणि तिचे अहवाल कोणालाही वाचता येतात. आपण जातोय ती शाळा उत्कृष्ट की अतिकच्ची, हे घरबसल्या समजू शकते. म्हणजे ज्या माणसाचे उभे आयुष्य प्रगतिपुस्तके भरण्यात गेले, त्याला शाळेचेच प्रगतिपुस्तक उघडता येते. गुरुजी ते उघडत नाहीत. मुलांचे निकाल पाहून त्यांना निकालांचा कंटाळा आलेला असतो.

थोरवीच्या या परंपरेला दोन उदाहरणे मात्र घातक आहेत, ती उमेदवारांपासून लपवावीत. पहिले वर्की कुटुंबाचे. केरळमधले हे शिक्षक दांपत्य १९५९ मध्ये दुबईला गेले, इंग्रजी शिकवू लागले आणि १९६८ मध्ये त्यांनी स्वतःची शाळा काढली. पुढे त्यांचा मुलगा सनी वर्की याने त्यातून शाळांचे साम्राज्य उभे केले. यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की आखातात शिकवून नव्हे, शाळा काढून पैसा होतो. असा विचार सुरू झाला तर शिकवायला कोण उरेल?

दुसरे उदाहरण त्याहून वाईट. याच वर्कींच्या प्रतिष्ठानाचा दहा लाख डॉलर्सचा ग्लोबल टीचर प्राइझ २०२० मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले यांना मिळाला. दुबईचा पैसा दुबईला नोकरी न करता माढा तालुक्यात आला, हेच मुळात चुकीचे. त्यावर कडी म्हणजे डिसले सरांनी बक्षिसाची निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली. जिथे प्रत्येकजण गुणाकार करतो तिथे या गृहस्थांनी भागाकार केला. असली उदाहरणे पाठ्यपुस्तकात गेली तर तेविसाचा पाढा कोण म्हणेल?

एवढे सांगूनही ज्यांची शहाणपणाची खोड जात नसेल, त्यांनी खुशाल करार लेखी मागावा, त्यात मूळ पगार किती ते पाहावे आणि निघण्याआधी सगळा वाचावा. एजंटची नोंदणी तपासावी, पावती घ्यावी, व्हिजिट व्हिसावर कामाला जाऊ नये, पासपोर्ट स्वतःजवळ ठेवावा आणि खर्चालाही तेविसाने गुणावे. उरणारी रक्कम १८,००० रुपयांहून जास्त निघाली, तर जरूर जावे. ती बहुधा जास्तच निघते. आणि ती निघते तोवर, न वाचता सही करणाऱ्या गुरुजींना मूर्ख म्हणण्याचा अधिकार महाराष्ट्रात कोणालाही नाही; शिक्षण खात्याला तर नाहीच नाही.