हात लागलाच आहे तर

आमच्या गच्चीच्या चार कोपऱ्यांत चार-चार गज १९९४ पासून आकाशाकडे बघत उभे आहेत. घर बांधलं तेव्हा अण्णांनी ते कॉलमच्या वर मुद्दाम तीन फूट सोडले होते. पुढेमागे मजला चढवायचा झाला तर जोड द्यायला बरं! गंजू नयेत म्हणून भंगारवाल्याकडून सोळा रिकाम्या बाटल्या आणून एकेका गजावर उलट्या घातल्या. अण्णा माळकरी, पण बाटल्या काही तीर्थाच्या नव्हत्या आणि ते रस्त्यावरूनही कळायचं. सांगलीच्या या गुंठेवारी वसाहतीत आमचा पत्ता बरीच वर्षं 'ते बाटल्यांचं घर' असाच सांगितला गेला. माझ्या लग्नाआधी सासऱ्यांनी गावात जी चौकशी केली, ती पगाराची कमी आणि बाटल्यांची जास्त होती.

तर तो 'पुढेमागे' यंदा आला. वर एक खोली काढायची ठरली.

खाली का नाही काढत, असं विचारणारा माणूस सांगलीचा नसतो. प्लॉट दीड गुंठ्याचा, म्हणजे १६३३ चौरस फूट. घर ४८०. उरलेल्या जागेत नियमाप्रमाणे सोडायची जागा, तुळस, नळाची मोटर आणि शेजाऱ्याशी चाललेला एका फुटाचा वाद. शिवाय खाली जे बांधाल ते कृष्णाबाई बघून जाते. नदीकाठच्या नकाशावर दोन रेषा मारलेल्या असतात. निळी, २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. कृष्णेला हा नकाशा कुणी दाखवलेला दिसत नाही. ती २००५ ला आली, २०१९ ला आली आणि काही विसरलं होतं म्हणून की काय, २०२१ ला परत आली. आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आकडा ५७ च्या वर गेला, तेव्हा आमच्या फ्रिजने स्वयंपाकघरातून निघून देवघरापर्यंतचा प्रवास स्वतःच्या बळावर केला होता.

म्हणजे खोली वरच हवी. काँट्रॅक्टरला बोलावलं. त्याने गच्चीवर दोन फेऱ्या मारल्या, एका गजाला धरून हलवून बघितलं, "काय टेन्शन घेऊ नका सर, घरचंच काम हाय," म्हणाला आणि खिशातून एक लग्नपत्रिका काढून तिच्या पाठीवर हिशेब मांडला. २५० फूट, फुटाला १९०० रुपये. चार लाख पंच्याहत्तर हजार. पत्रिका त्याच्या मेहुण्याच्या लग्नाची होती. लग्न झालंही होतं. आकडा मात्र अजून कुमारच होता, हे आम्हाला नंतर कळलं.

कारण या पावणेपाच लाखांत जिना नव्हता. "जिना वेगळा धरत्यात सर." वर खोली आणि जिना वेगळा, हे वाहन घेतल्यावर चाकं वेगळी घेण्यासारखं वाटलं, पण या धंद्यात मी नवखा. मग कळलं की सेंट्रिंग धरलंय, पण गच्चीवरची टाकी हलवणं धरलेलं नाही. खिडक्या धरल्यात, ग्रिल नाही. वाळू ब्रासवर. ब्रास म्हणजे पुस्तकात १०० घनफूट. ट्रॉलीत तो किती असतो हे ट्रॉलीवाल्याच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर ठरतं आणि टेप लावणारा मालक सगळ्या साइटवर बदनाम होतो. सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आल्याला बरेच दिवस झाले होते. ती बातमी मी त्याला वाचून दाखवली. त्याने ती प्रथमच ऐकल्यासारखी, अगदी मन लावून ऐकली आणि "बघू की," म्हणाला.

मग इंजिनिअर आला. तरुण होता, खरं बोलायची सवय अजून मोडली नव्हती. त्याने गजांवरच्या बाटल्या एकेक करून काढल्या. निम्म्या बाटल्यांना तळच नव्हता. त्यांतून तीस पावसाळे सरळ आत उतरले होते. गजाचा पापुद्रा नखाने निघाला. "हे धरता येणार नाहीत," तो म्हणाला. अण्णा खुर्चीवरून म्हणाले, "त्या काळचं लोखंड आहे ते." तो नम्रपणे म्हणाला, "हो आजोबा, त्याच काळचं आहे."

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण त्याने विचारलं, "फुटिंग किती खोल आहे?" अण्णा म्हणाले, मिस्त्रीला माहीत. मिस्त्री वारून अकरा वर्षं झाली. मग एका कॉलमशेजारी खणून बघितलं. आमची जमीन काळी, पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया खालच्या मुरमापर्यंत न्यायला हवा. आमचा पाया मुरमाच्या दिशेने निघाला होता एवढंच म्हणता येईल. वाटेत बहुधा पैसे संपले असावेत. अण्णांनी खड्ड्यात डोकावलं आणि त्या दिवशी चहा घेतला नाही. म्हणजे आता पाया मुरमापर्यंत न्यायचा आणि जुन्या कॉलमांना बाहेरून नवं लोखंड आणि काँक्रीट लावून जॅकेटिंग करायचं. एक लाख पंच्याहत्तर हजार. जॅकेट या वस्तूवर आमच्या घराण्यात इतका खर्च आजवर कुणी केला नव्हता.

तरीही सांगतो, जिना, जॅकेटिंग, संडास-बाथरूम यांनी माणूस बुडत नाही. माणूस बुडतो तो 'हात लागलाच आहे तर' या चार शब्दांनी. बांधकामाचा खर्च चौरस फुटावर काढतात ही मुळातच चूक आहे. तो या वाक्यावर काढावा. हात लागलाच आहे तर खालचा ओटा काढून ग्रॅनाइटचा करू, ही म्हणाली. चाळीस हजार. हात लागलाच आहे तर पोर्चमधल्या फरशा, त्यावरून आई मागच्या कार्तिकात घसरली होती. तीस. हात लागलाच आहे तर सगळ्या घराला रंग, नाहीतर वरचं नवं आणि खालचं जुनं, कसं दिसेल ते! चिरंजीव बारावीला आहेत. त्यांनी हात लागलाच आहे तर प्रत्येक भिंतीला दोन चार्जिंग पॉइंट मागितले आणि वर एक व्हिडिओ दाखवला. त्यात एक अख्खं घर खालून जॅक लावून चार फूट उचलत होते. घरातली माणसं आत चहा पीत होती. "बाबा, हेच केलं तर?" मी हो म्हटलं असतं, पण तेवढ्यात आईने हात लागलाच आहे तर असं म्हणून तोंड उघडलं आणि मी व्हिडिओ बंद केला.

बेरीज अकरा लाख पंचवीस हजार झाली.

मी हिशेबी माणूस. त्या रात्री वही घेऊन बसलो. गेल्या वीस-एक वर्षांत मोठे पूर तीन. पुढच्या वीसातही नदीने हाच शिरस्ता ठेवला तर एका पुराला खोली पडते पावणेचार लाखांना. पाणी घरात राहतं आठ दिवस. म्हणजे दिवसाला ४६,८७५ रुपये. इतक्या पैशांत मुंबईत समुद्र दिसणाऱ्या पंचतारांकित हॉटेलात राहता येईल, आणि तिथलं पाणी खिडकीबाहेरच थांबतं. २०१९ ला आमचं सामान गेलं ते सगळं मिळून एक लाख चाळीस हजारांचं. दर पुराला नवा फ्रिज, नवं वॉशिंग मशिन, नव्या गाद्या घेतल्या तरी खोलीपेक्षा स्वस्त. त्यात आठ लाख कर्जाचे. नऊ टक्के, पंधरा वर्षं, हप्ता ८,११४, आणि फेडून होईपर्यंत त्या आठाचे चौदा लाख साठ हजार होतात. मिरजेला बहीण आहे. तिच्याकडे पंधरा दिवस जायला रिक्षाचे तीनशे आणि अर्धा किलो पेढे लागतात. भाऊजींची महापालिकेवरची मतं ऐकावी लागतात, पण त्यांवर व्याज नसतं.

सकाळी मी हा हिशेब सगळ्यांसमोर वाचून दाखवला. मला वाटलं, वाद होईल. कुणीच काही बोललं नाही. मग ही म्हणाली, "आणि ताडपत्री कितीला आणली होती?"

नऊशेला. २०१९ ला दोन रात्री आम्ही सगळे गच्चीवर काढल्या. पाऊस थांबत नव्हता. ताडपत्री बांधायला गच्चीवर दुसरं काही नव्हतं, म्हणून ती त्याच गजांना चारी कोपऱ्यांत बांधली. बाटल्या वाऱ्यावर वाजत होत्या. आईच्या मांडीवर देवांचा डबा, अण्णांच्या मांडीवर लग्नातला आल्बम. आल्बम तरीही भिजलाच. तिसऱ्या दिवशी गल्लीतून बोट आली, तेव्हा अण्णा आधी उतरायलाच तयार नव्हते. त्या गजांचा तीस वर्षांत एवढाच काय तो उपयोग, आणि वाळवणाच्या दोऱ्या.

माझ्या वहीत ताडपत्री नऊशेच्या रकान्यात होती. ती तिथून हलवून कुठे ठेवावी मला कळेना. वही मिटली.

काँट्रॅक्टरला एक्कावन्न हजार आगाऊ दिले. भाव ठरवताना त्याच्याशी घासाघीस केली ती अकरा लाखांवर नव्हे, तर स्लॅबच्या दिवशी माणसांना जेवण कोण घालणार यावर. ते आम्हीच घालणार आहोत. तो आता नवं एस्टिमेट घेऊन आला होता, या वेळी कोऱ्या कागदावर, आकडे सुबक. मी एकेक ओळ वाचत शेवटी आलो. 'कॉलमचे गज ३ फूट वर सोडणे.'

"हे कशाला?" मी विचारलं. "आता याच्यावर कोण काय चढवणार आहे?"

"पुढंमागं लागतंय सर. आता हात लागलाच हाय तर..."

मी पेन काढलं. ओळ खोडायला ते कागदावर टेकवलंसुद्धा. ही चिरंजीवांकडे बघत होती. चिरंजीव फोनकडे. माझ्या पेनाने खोडण्याऐवजी त्या ओळीखाली एक टिंब दिलं आणि मी पुढच्या पानावर सही केली.

अण्णा इतका वेळ डोळे मिटून बसले होते. काँट्रॅक्टर उठला तसे त्यांनी डोळे उघडले.

"तळ असलेल्या बघून आणा रे या वेळी," म्हणाले.